कुठे चालत नाही, ते आधी लिही

डिसेंबर लागला की माझ्या लॅपटॉपच्या कळांना अवरेकाईचा वास यायला लागतो. सकाळी उठून शेंगा सोलायच्या, भिजवलेला दाणा दोन बोटांत दाबायचा, तो सालातून टुणकन उडून परातीत पडतो की फरशीवर हे त्याच्या मर्जीवर सोडायचं, आणि मग साबणाने कितीही हात धुतले तरी तेच हात घेऊन ऑफिसात टंकायला बसायचं. या वासाला कन्नडात सोगडु म्हणतात. मराठीत पावटा आहे, वाल आहे, पण या वासासाठी शब्द मला अजून सापडलेला नाही. पुण्याच्या मावसबहिणी म्हणतात, तुझ्या मराठीत निम्मं कन्नड आहे. असू दे. म्हैसुरात इतक्या पिढ्या काढल्यावर वासालासुद्धा पुण्याहून शब्द मागवायचा का?

आज गच्चीवर खोबऱ्याचे आणि गुळाचे बारीक तुकडे वाळत पडलेत. संक्रांत जवळ आली की आमच्या चामराजपुरमच्या गल्लीत प्रत्येक गच्चीवर हेच दृश्य. कावळ्यांना हाकलायला कुणीतरी खुर्ची टाकून बसलेलं असतं आणि हाकलता हाकलता स्वतःच मूठमूठ खात असतं. आम्ही घरात तिळगूळ म्हणतो, दारात एळ्ळु-बेल्ला म्हणतो, आणि गोड बोलायचं वचन दोन्ही भाषांत देऊन दोन्ही भाषांत मोडतो. पहाटे धुकं असतं. देवळातून धनुर्मासाची गरम हुग्गी, म्हणजे मुगाची खिचडी, द्रोणात येते आणि त्यातली मिरी नेमकी दाताखाली सापडते. या सगळ्यात मला दरवर्षी एकच हिवाळा आठवतो. त्या हिवाळ्यात मी पुन्हा नोकरीला लागले होते. खरं तर अर्धीच लागले होते.

चाळिशी जवळ आली होती. मुलगी लहान असताना प्रोग्रामरची नोकरी सोडली, मग सासरे अंथरुणाला खिळले, आणि मधली वर्षं कुठे गेली ते कळलं नाही. मुलाखतीला गेलं की समोरचा माझ्या मुलीपेक्षा थोडाच मोठा दिसणारा माणूस विचारायचा, “या वर्षांत काय केलंत?” मी म्हणायची, घर चालवलं. तो मान हलवायचा आणि पुढच्या प्रश्नाला जायचा. पुढचा प्रश्न बहुतेक नसायचाच. शेवटी शहराच्या बोगादी भागातल्या एका छोट्या कंपनीने दार किलकिलं केलं. खाली बेकरी, वर ऑफिस. रोज सकाळी खारा बनचा वास जिना चढून आमच्याआधी वर पोचलेला असायचा. नंजनगूडच्या आसपासच्या गावांतल्या रक्ततपासणी केंद्रांसाठी ही कंपनी सॉफ्टवेअर लिहायची. गावात रक्त तपासायचं, रिपोर्ट आमच्या मुख्य मशीनवर यायचा, शहरातला डॉक्टर तो बघून सही करायचा आणि रिपोर्ट परत गावात जायचा. एवढंच काम, पण त्या रिपोर्टची वाट बघत कुणीतरी पायरीवर बसलेलं असायचं.

तिथल्या मुख्य होत्या शैलजा मॅडम. माझ्याच वयाच्या, केस आखूड, शब्द त्याहून आखूड. ऑफिसात सगळं बोलणं कन्नडात चाले. मी इथे ते बहुतेक मराठीत सांगते आहे. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, “नोडी, बघा वीणा, तुम्ही किती लिहिता ते मी बघणार नाही. तुम्ही लिहिलेलं दुसऱ्या कुणी उचललं का, ते बघेन. संक्रांतीपर्यंत. आमेले ठरवू.” आमेले म्हणजे नंतर.

मला वाटलं होतं परीक्षा असेल, कामाचा ढीग असेल. ही कसली अट? स्वयंपाक चांगला झाला का ते नाही बघणार, शेजारीण वाटी घेऊन मागायला आली का ते बघणार! घरी येताना मी मनाशी ठरवून टाकलं. ही नोकरी टिकली तर टिकली. नाही टिकली, तर लॅपटॉप मुलीला द्यायचा आणि पुन्हा कुठेही, कुणाच्याही समोर, मधल्या वर्षांचा हिशोब द्यायला बसायचं नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण पक्कं ठरवलं होतं.

आता त्या ऑफिसच्या रीतीबद्दल. सगळ्यांचा मिळून एक चॅट-गट होता, त्याचं नाव ‘चित्रान्न’. कालचा उरलेला भात, त्यावर मोहरी-शेंगदाण्यांची फोडणी आणि लिंबू, की झालं आजचं ताजं. तसंच आमचं. कुणीतरी काल लिहिलेल्या चार-पाच ओळी आज दुसऱ्याच्या कामात. कोणी अडलं की गटावर विचारायचं, “तुंडु इद्या?” म्हणजे तुकडा आहे का? आणि कुणीतरी टाकायचंच. कोडचे असे तुकडे जगभरच्या प्रोग्रामरांमध्ये फिरतात, त्यात नवल काही नाही. नवल होतं ते पहिल्या ओळीचं. या ऑफिसात कुठलाही तुकडा टाकायचा तर त्याच्या डोक्यावर एक ओळ लिहावीच लागे: ‘एल्ली ओडल्ला?’ म्हणजे कुठे चालत नाही? ती ओळ नसली तर तुकड्याला कोणी हात लावत नसे. तो कितीही देखणा असो.

मंजुनाथचा एक तुकडा मला पाठ आहे. मंजुनाथ रोज नंजनगूडहून रेल्वेने यायचा, ऑफिसातला सगळ्यात चलाख माणूस, आणि ते त्याला माहीत होतं. केंद्रांमधले लेबल छापायचे जुने प्रिंटर पहिलं लेबल गिळायचे. म्हणजे पहिल्या माणसाच्या नळीवर नावच चिकटायचं नाही. दुरुस्तीवाले हात टेकून गेले. मंजुनाथने काय केलं, तर खऱ्या लेबलांआधी एक कोरं लेबल पाठवायचं. गिळ बाबा ते. वर ओळ: ‘एल्ली ओडल्ला: नवीन रोल लावल्यावर. तेव्हा हा शहाणा दोन गिळतो.’ मी ते वाचलं आणि खुर्चीतच हसले. इतक्या वर्षांनी कोड वाचून हसू आलं होतं.

पण पहिले आठवडे मी फक्त घेत होते. आज याचा तुकडा, उद्या तिचा. कोणी तोंड वाकडं केलं नाही, उलट “अक्का, आणखी हवं तर सांगा” म्हणत. तेच जड व्हायचं. रोज एकाच्या घरी जेवायला जायचं आणि स्वतःच्या घराचं दारच उघडायचं नाही, असं किती दिवस चालणार? मी दोन-तीन तुकडे लिहून टाकलेही. ते बरे होते. पण जुन्या वळणाचे होते. ते काम करायला आता तयार साधनं होती. कुणी उचलले नाहीत. वर एखादा अंगठा तेवढा यायचा. अंगठ्याने पोट भरत नाही.

माझं माहेर रंगाऱ्यांचं. आता घरात रंगाचं काम कोणी करत नाही, पण वडिलांच्या लहानपणापर्यंत होतं. वडिलांचे थोरले काका लाल रंग असा काढत की नंजनगूडच्या जत्रेला जाणाऱ्या बायका लुगडं दुरून ओळखत. तो रंग कालवायची वेळ आली की काका सगळ्यांना खोलीबाहेर काढत. सख्ख्या भावालासुद्धा. दाराला कडी. एका दुपारी ते जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत, आणि त्यांच्याबरोबर तो लालही गेला. वडील हे अभिमानाने सांगत. मला लहानपणापासून त्याचा राग येतो. एवढा सुंदर रंग, आणि तुम्ही तो कडीच्या आत मारलात! विरजण दिल्याने कुणाचं दही कमी झालंय? चमचाभर दिलं की शेजारी आणखी एक पातेलं लागतं, आणि एखाद्या दिवशी आपलं नासलं तर मागायला एक घर तयार असतं. चित्रान्न गटावर मला काकांचं दार उघडं दिसायचं. म्हणूनच तिथून हाकललं जाण्याची भीती जास्त वाटायची.

हल्ली तर तुकडा मागायला माणूसही लागत नाही. यंत्राला विचारा, ते शहाण्या मुलासारखं क्षणात लिहून देतं, आणि बऱ्याचदा बरोबर देतं. मीही घेते, लाजत नाही. पण आमच्या नंजनगूडच्या पलीकडच्या केंद्रातला प्रिंटर नवीन रोलवर दोन लेबलं गिळतो, हे त्याला कोण सांगणार? ते आपल्यालाच कुणीतरी सांगावं लागतं. चाललेलं सगळेच दाखवतात. न चाललेलं दाखवायला जरा छाती लागते.

त्या वर्षीच्या एक जानेवारीला तर ऑफिसात कामच झालं नाही, इतके हसलो. झालं असं, की गावातल्या वयस्क माणसांना जन्मतारीख माहीत नसते आणि सॉफ्टवेअर तारखेशिवाय पुढे सरकत नाही. म्हणून कुणीतरी पूर्वी तुकडा लिहिला होता: वय विचारा, वर्ष काढा, तारीख सरळ एक जानेवारी टाका. उत्तम चाललं. मग दुसऱ्या कुणीतरी वाढदिवसाला शुभेच्छा पाठवायची सोय केली. एक जानेवारीला सकाळी पंचक्रोशीतल्या तमाम आजी-आजोबांना एकदम वाढदिवसाच्या शुभेच्छा गेल्या! एका केंद्रावरून फोन आला. तिथे एक आजोबा धोतर-शर्ट इस्त्रीचं घालून आले होते आणि विचारत होते, “माझा वाढदिवस आईलाही ठाऊक नव्हता, तुम्हाला कुणी सांगितला?” केंद्रातल्या बाईने त्यांना केळं दिलं. शैलजा मॅडमनी त्या जुन्या तुकड्यावर स्वतः ओळ घातली: ‘एल्ली ओडल्ला: एक जानेवारीला. पण तो दिवस राहू द्या.’ तेव्हा मला कळलं, या बाईच्या पोटात हसू आहे. आणि हेही कळलं की संक्रांत आता अगदी उंबऱ्यावर आली.

नेमकी त्याच आठवड्यात नंजनगूडकडची वीज जायला लागली. लाईनचं काम चालू होतं. सकाळी जायची, दुपारपर्यंत यायची. वीज गेल्याचं दुःख नव्हतं, ती आल्याचं होतं. करेंट आला की सगळ्या केंद्रांतली मशीनं एकाच क्षणी जागी व्हायची आणि साचलेले रिपोर्ट एकदम आमच्या मुख्य मशीनवर फेकायची. ते गुदमरून बंद पडायचं. केंद्रं म्हणायची, पोचलं नाही का? परत घ्या! पुन्हा सगळ्यांनी एकदम. डॉक्टर सहीसाठी बसलेले, लोक पायरीवर बसलेले, आणि आम्ही पडद्याकडे बघत बसलेलो. “मोठं मशीन घेऊ या,” मंजुनाथ म्हणाला. मॅडमनी त्याला किंमत विचारली.

त्याच सुमारास एका सकाळी मी घरी अवरेकाई सोलत होते आणि आमचाही करेंट गेला. आला तसं मी सवयीने उठले मोटर लावायला, पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायला. सासूबाई म्हणाल्या, “अगं, लगेच नको कणे! सुम्ने, उगाच घाई कशाला? हातातलं संपव, आमेले लाव.”

ही आमच्या गल्लीची जुनी रीत. पूर्वी करेंट आला रे आला की सगळ्या घरांत एकदम मोटरी चालू व्हायच्या आणि कोपऱ्यावरचा फ्यूज फट्‌कन उडायचा. मग पुन्हा अंधार, पुन्हा लाईनमनला हाका. सासूबाई तेव्हा शाळेत शिकवायच्या. त्यांनी आधी क्रम लावून बघितला. पहिलं घर कुणाचं, यावर इतकं भांडण झालं की दोन घरांत अजून एळ्ळु-बेल्ला जात नाही. मग ठरलं, क्रमच नको. ज्याने त्याने हातातलं काम संपवायचं आणि मग मोटर लावायची. कुणाचं दूध तापायचं असतं, कुणाची पूजा, कुणाचं भांडण. प्रत्येकाचं काम वेगळं, म्हणून वेळही आपोआप वेगळी. त्यानंतर फ्यूज उडाला नाही.

मी परातीसमोर तशीच बसून राहिले. हातात सोललेला दाणा. अरेच्चा! केंद्रांनाही हेच हवं होतं की!

ऑफिसात जाऊन तुकडा लिहिला. करेंट आल्यावर प्रत्येक केंद्राने मनाला येईल तेवढा वेळ थांबायचं, मग रिपोर्ट पाठवायचा. मोजून सात-आठ ओळी. बसवला. दुसऱ्या दिवशी सगळे माझ्या मागे उभे. करेंट आला. पडदा शांत. शांतच. मी श्वास सोडणार, तेवढ्यात सगळी केंद्रं एकदम येऊन आदळली आणि मुख्य मशीन पडलं.

मंजुनाथ पोट धरून हसला. “अय्यो अक्का! सगळ्यांनी शिस्तीत वाट बघितली, आणि शिस्तीत एकदम घुसले!”

मीही हसले, पण डोळ्यांत पाणी आलं होतं. जिन्यात जाऊन उभी राहिले. खालच्या बेकरीत बन निघत होते. लॅपटॉप मुलीला कधी द्यायचा, हाच विचार. मग दुसरा विचार आला, आणि तो रागाने आला. असं होईलच कसं? प्रत्येक मशीनने आपापल्या मनाने वेळ निवडायची होती; मग सगळ्यांनी तीच कशी निवडली? यंत्राला मन नसतं. ‘मनाला येईल तो आकडा’ काढ म्हटलं तर आमचं ते जुनं सॉफ्टवेअर घड्याळाकडे बघून काढायचं. आणि त्या जुन्या मशीनांच्या घड्याळांच्या बॅटऱ्या केव्हाच मेलेल्या. करेंट गेला की घड्याळ मागे जाऊन एकाच ठरावीक वेळेवर उभं राहायचं. सगळ्यांची तीच वेळ, म्हणून सगळ्यांचा तोच आकडा. गल्लीतल्या प्रत्येक घरात एकाच मापाचं दूध एकाच आचेवर ठेवलं, तर मोटरी एकदमच लागणार!

मी जिन्यातून धावत वर गेले. घड्याळ काढून टाकलं. प्रत्येक मशीनला जन्मापासून स्वतःचा एक क्रमांक असतो, दुसऱ्या कुणाचा नसतो असा. आकडा त्याच्यावरून काढायला लावला. आणि गटावर टाकताना फसलेला तुकडा लपवला नाही. तो वर ठेवला, सुधारलेला खाली. डोक्यावर ओळ लिहिली: ‘एल्ली ओडल्ला: वरचा तुकडा, जिथे सगळे एकदम जागे होतात आणि कुणाचंच घड्याळ चालत नाही तिथे. मी तोंडावर पडले आहे, तुम्ही पडू नका.’

सकाळी लाईन गेली. आम्ही कॉफी घेऊन बसलो. उन्हं वर आली तरी पत्ता नाही. मग नंजनगूडहून एका केंद्रातल्या बाईचा फोन, “करेंट बंतु!” म्हणजे आला. पडदा शांत. आणि मग एक रिपोर्ट आला. थोड्या वेळाने दुसऱ्या गावचा. मग मध्येच दोन, मग जरा खंड, मग पुन्हा एक. कुणाचं दूध तापलं, कुणाची पूजा झाली. मुख्य मशीन निवांत घेत होतं, डॉक्टर सही करत होते, आणि पायरीवरची माणसं उठून घरी जात होती. मंजुनाथने माझ्या टेबलावर खारा बन ठेवला आणि आपल्या जागेवर गेला. त्या दिवशी मी अंगठ्यांची मोजदादही केली नाही.

भोगीच्या दिवशी शैलजा मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मी तयारीने गेले होते. एक तुकडा चालला, बरोबर, पण त्यांची अट चालण्याची नव्हती, उचलण्याची होती. चार वाक्यं मनात रचून ठेवली होती: मला आणखी थोडा वेळ द्या, मी शिकते, वगैरे. त्यांनी मला बसू दिलं नाही. पडदा माझ्याकडे वळवला. त्यांनी माझ्या तुकड्याचं नाव सगळ्या कोडमध्ये शोधायला लावलं होतं. तो शुभेच्छा पाठवण्यात होता. रात्री माहिती साठवायच्या कामात होता. प्रिंटरच्या रांगेत होता, आणि तिथे खाली मंजुनाथने स्वतःची एक ओळ वाढवली होती: ‘एल्ली ओडल्ला: एकाच मशीनला दोन प्रिंटर असतील तिथे. अक्कांना विचारा.’ त्या पडदा खाली सरकवत राहिल्या आणि नाव येतच राहिलं.

“उचललं,” मी म्हणाले.

“नोडी,” मॅडम म्हणाल्या, “आता तुम्हाला ठेवू की नको, हे मी कशी ठरवणार? तुम्हाला काढायचं म्हणजे हे सगळं काढावं लागेल. एवढा वेळ कुणाकडे आहे? जा, काम करा.”

त्या दिवशी घरी येताना बोगादी रोडला उसाच्या मोळ्या घेतलेल्या स्कूटरांची गर्दी होती. सिग्नलला मी थांबले, हेल्मेटची काच खाली ओढली, आणि आत मोठ्याने, अगदी घसा फाटेपर्यंत ओरडले. शेजारच्या स्कूटरवरच्या बाईंनी दचकून माझ्याकडे पाहिलं. “एन आयतु?” त्यांनी विचारलं. काय झालं? मी काच वर केली आणि त्यांना सांगितलं, “मला काढता येत नाही!”

त्यांना काही कळलं नसावं, पण त्या हसल्या. सिग्नल सुटला.